पन्नास केल्विनचा उंचवटा

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

हेरंब सरांनी आज माझी मोजमापांची वही उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने वाचलं, "यंत्र आज पुन्हा रुसलं. मग मीही रुसले." नंतर म्हणाले, "सुचित्रा, ही वही परीक्षक बघतील. रडगाण्यासाठी वेगळी कर." म्हणून ही वही.

तर रडगाणं. वय एकतीस. पीएचडीचं सातवं वर्ष. फेब्रुवारीअखेर फेलोशिप बंद होते आणि त्याच महिन्यात सर निवृत्त होतात. त्याआधी प्रबंध दाखल झाला तर मी डॉक्टर, नाहीतर सात वर्षं संस्थेत जाऊन चहा पिऊन आलेली एक बाई. प्रबंधात सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, तो उंचवटा. त्याच्यावरचा पेपर सप्टेंबरात एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवलाय. तो स्वीकारला गेला की प्रबंधाचं घोडं गंगेत न्हालं.

उंचवटा म्हणजे काय, ते बाबांना सांगितलं तसंच लिहून ठेवते. आमचा स्फटिक एर्बियम आणि टेल्युरियमचा. एर्बियम हे दुर्मीळ मृदा म्हणतात त्या कुटुंबातलं मूलद्रव्य. स्फटिक थरांचा असतो, चिकटपट्टी लावून ओढली की चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. त्यातला एर्बियमचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारकं चुंबक. ऊब असेपर्यंत प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. खूप थंड केलं की सगळे शिस्तीत उभे राहतात. हे होतं तीन-चार केल्विनला, निरपेक्ष शून्याच्या अगदी उंबऱ्यावर. माझ्या आलेखात मात्र पन्नास केल्विनलाच एक उंचवटा येतो. म्हणजे उणे सव्वादोनशे सेल्सियस, पण आमच्या धंद्यात तो उन्हाळा. बाकीच्यांना जे तळमजल्यावर सापडतं ते मला तिसऱ्या मजल्यावर सापडलंय. कसं, ते कळलेलं नाही.

९ नोव्हेंबर

आमच्या चाळीचे तीन मजले चढायला आधी दोन मिनिटं लागायची, आता बाबांबरोबर असले की पंधरा लागतात. पहिल्या मजल्यावर तावड्यांची चौकशी, दुसऱ्यावर परबांच्या जावयाची. हातात मासळीची पिशवी, आणि यांच्या गप्पा संपत नाहीत. आज मी चिडले. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, "तू फुडे जा गो, मी येतंय. माणसां भेटली की बोलूक नको?"

आई गेल्यापासून त्यांना बोलायला माणूस लागतं, हे मला कळतं. पण बांगडा असा उकाड्यात किती वेळ धरून उभं राहायचं. मी पुढे निघून आले.

१८ नोव्हेंबर

आज रुपालीबरोबर नळ्यांवरून वाद झाला. रुपाली मोजमापाचं यंत्र सांभाळते आणि संस्थेत माझी एकुलती एक मैत्रीण आहे. नळी म्हणजे काय, तर ज्यूस प्यायची पारदर्शक स्ट्रॉ. कोट्यवधींचं यंत्र, आत द्रव हेलियम, आणि त्यात नमुना सोडायचा तो स्ट्रॉमध्ये घालून. जगभर असंच करतात, कारण स्वस्त प्लास्टिकला स्वतःचं चुंबकत्व जवळजवळ नसतं. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आल्यापासून त्या मिळत नाहीत. प्रभादेवीच्या एका ज्यूसवाल्याकडचा शेवटचा गठ्ठा मी काकुळतीने मागून आणलाय. स्फटिकाचा तुकडा केमिस्टकडच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल स्ट्रॉमध्ये, स्ट्रॉ दांडीला, आणि दांडी यंत्रात.

आधीची मुलं कॅप्सूलला आणि नळीला सुईने टोचून भोकं पाडायची. कशाला, असं विचारलं की "हवा खेळती राहते" म्हणायची. मला ते अंगणवाडीचं उत्तर वाटायचं. सुई लोखंडाची. तिचा एक कण जरी नळीत राहिला तरी लोखंड माझ्या एर्बियमच्या डोक्यावर बसेल. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी सुई बंद केली. कॅप्सूलला टेपने गच्च बंद करते, धुळीचा कण आत जात नाही. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतः टाइप करून दारावर कागद लावला, "नमुना बसवताना सुई वापरू नये." खाली सही. माझ्या सात वर्षांत दारावर लागलेली माझी ही एकच गोष्ट.

रुपाली म्हणाली, "तू जाम ओव्हरकेअरफुल आहेस यार. माझ्याकडे क्वार्ट्झची दांडी आहे, एकदा त्याच्यावर उघडाच चिकटवून बघ ना."

म्हटलं, बघू.

२७ नोव्हेंबर

आनंदाचा दिवस, म्हणून लिहिते. अगदी पातळ पापुद्रा सोलून मोजला. उंचवटा दुप्पट. म्हणजे ग्रॅममागे काढला तर दुप्पट. त्याहून पातळ घेतला, आणखी मोठा. तुकडा जितका लहान तितका उंचवटा मोठा. थर कमी झाले की चुंबकं जास्त मोकळी होत असणार, असं काहीतरी. सरांना आलेख दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लहान तुकड्याला मोठा. हं." मग म्हणाले, "पेपरमध्ये पत्रव्यवहारासाठी मी तुझं नाव दिलंय. काम तुझं, श्रेयही तुझं."

असं कोण करतं विद्यार्थ्यासाठी. बाकीचे गाईड पोरांची नावं गिळतात.

२ डिसेंबर

बाबांनी माझ्या टेबलावरचा आलेख उचलून कपाटाच्या दारावर चिकटवला, आईच्या फोटोच्या खाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकीचा शोध म्हणून दाखवतात. "हो डोंगर माझ्या चेडवान शोधल्यान." समोरच्या कालिंदीकाकीने विचारलं, "कसलो डोंगर?" बाबा म्हणाले, "थंडीतलो."

काकी जाताना मला दारात धरून हळूच म्हणाली, "गो सुचित्रा, बापाशीक तुझ्या धाप लागता. डॉक्टराक दाखव." काकीला चाळीतल्या प्रत्येकाला काही ना काही झालेलं दिसतं. मागच्या वर्षी तिने मला रक्त कमी असल्याचं सांगितलं होतं. बाबांना विचारलं तर ते टीव्हीसमोर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "माका काय झाला नाय." हल्ली झोपतातही तिथेच, मालिका बघता बघता.

११ डिसेंबर

रुपालीने मला न विचारता माझा एक तुकडा क्वार्ट्झच्या दांडीवर लावून मोजला. उंचवटा नाही. साधी, थंड होत जाताना एकसारखी वर चढणारी रेघ, पुस्तकात असते तशी.

 मग लक्षात आलं, हे स्फटिक दमट हवेत खराब होतात. हिने तो कोरड्या हवेच्या कपाटाबाहेर ठेवला असणार. रुपाली म्हणाली, "दहा मिनिटं होता बाहेर, दहा." मुंबईच्या हवेत दहा मिनिटं पुष्कळ झाली. सरही म्हणाले, "एक खराब तुकडा. लिहू नकोस." मी लिहिलं नाही. इथे लिहिते आहे.

१९ डिसेंबर

नियतकालिकाचं उत्तर आलं. दोन परीक्षक. पहिला म्हणतो, उल्लेखनीय. दुसरा एकच गोष्ट मागतो. जशी टेप लावता तशीच टेप लावून, स्फटिक न घालता, रिकाम्या कॅप्सूलचं मोजमाप द्या. बस. ते दिलं की पेपर स्वीकारला.

मी संस्थेच्या व्हरांड्यात उभी राहून बाबांना फोन केला. ते पलीकडे काही बोलले नाहीत, नुसता श्वासाचा आवाज. हेलावले असणार.

रिकाम्या कॅप्सूलचं मोजमाप आमच्याकडे आहे, पण पाच वर्षांपूर्वीचं, जुन्या मुलांनी घेतलेलं. सरांना म्हटलं, नवीन घेते. सर म्हणाले, "हेलियमचा तुटवडा आहे. जुनं पाठव, रिकामी कॅप्सूल काय बदलणार आहे?" खरं आहे. तरी परीक्षक "जशी टेप लावता तशीच" म्हणतोय. सर म्हणाले, जानेवारीत बघू.

५ जानेवारी २०२५, रविवार

मंडळाचा सेक्रेटरी गौतम घरी आला होता. सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची महापूजा असते, तेव्हा गुणवंतांचा सत्कार करतात. दरवर्षी दहावीची पोरं असतात. यंदा मी. म्हटलं, अरे अजून काही छापून आलेलं नाही. गौतम म्हणाला, "ताई, तू टेन्शन घेऊ नको. शोध लागलाय ना? बास. फ्लेक्सवर तो डोंगर पण टाकतो, आलेख काय तो." बाबांनी आतून उठून आलेख काढून त्याला दिला. फोटो काढून त्याने परत लावला.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. बाबांचं तोंड बघितलं आणि नाही म्हणवलं नाही. ते गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. संपानंतर तीस वर्षं एका कंपनीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून साहेबांना वर-खाली नेलं. घरात कोणाच्या अंगावर शाल पडलेली नाही.

१४ जानेवारी

सरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, यंत्राची दुरुस्ती आहे. रुपालीला विचारलं, ती म्हणाली, "कसली दुरुस्ती? यंत्र मस्त चालू आहे. तुला स्लॉट हवाय का?" सरांना कोणीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतं. त्यांच्या मागे निवृत्तीची कागदपत्रं लागली आहेत, कुठे कुठे बघणार.

रुपालीने पुढच्या मंगळवारचा स्लॉट दिला.

२१ जानेवारी, मंगळवार

लिहायला हात चालत नाही, पण नाही लिहिलं तर उद्या मला वाटेल की झालंच नाही.

रिकामी कॅप्सूल. आत काही नाही. दोन्ही बाजूंनी माझी टेप. थंड केलं आणि मोजत खाली आले. ऐंशी, सत्तर, साठ. आणि पन्नासच्या आसपास रेघ वर चढायला लागली. तीच चढण, तोच माथा, तीच उतरण. मी हा आकार डोळे मिटून काढू शकते. आमच्या कपाटावर आहे तो.

आत स्फटिक नव्हता.

रुपाली शेजारी होती. तिने मग ड्रॉवरमधून एक पितळी टाचणी काढून माझ्यासमोर ठेवली. मी दुसरी कॅप्सूल घेतली, टाचणीने दोन भोकं पाडली, नळीलाही पाडली, आणि पुन्हा मोजलं. सपाट रेघ.

हवा होती ती. कॅप्सूलमध्ये टेपने कोंडलेली हवा. यंत्र आतली हवा काढून घेतं, पण माझ्या कॅप्सूलमधली त्याला काढता येत नव्हती. हवेतला ऑक्सिजन स्वतःच चुंबकीय असतो, आणि गोठताना पन्नासच्या आसपास त्याच्या आलेखात उंचवटा येतो. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी स्वतः दोन वर्षं मुलांना शिकवलंय. तुकडा लहान म्हणजे हवेला जागा जास्त, आणि भागायला ग्रॅम कमी. म्हणून उंचवटा मोठा. पितळी टाचणी घ्यायची, एवढंच होतं. लोखंडाची भीती होती तर पितळ वापरायचं. मी सुईच बंद करून टाकली आणि वर मिरवलं.

रुपालीने चहा आणला. मी तो पितळी टाचणीकडे बघत थंड होऊ दिला.

२२ जानेवारी

सरांकडे गेले. उभ्यानेच सांगितलं, "सर, रिकाम्या कॅप्सूललाही उंचवटा येतोय."

त्यांनी कागदाला हात लावला नाही. "भोकं पाडून बघितलंस?"

"हो."

"मग गेला असेल."

"गेला."

सर खूप वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. किती पटकन पोचतात ते. मला दोन वर्षं लागली, त्यांना एक प्रश्न पुरला. मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "तुझा सत्कार कधी आहे?"

"रविवारी."

"होऊ दे. वडिलांचा आनंद घालवू नकोस. नियतकालिकाला मी सोमवारी लिहितो." चाळीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात माझ्यामुळे त्यांना हे बघावं लागतंय, आणि ते विचार करतायत माझ्या बाबांचा. मला स्वतःची शरम वाटली.

२४ जानेवारी

गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला. माझा आधारकार्डावरचा फोटो, शेजारी डोंगर, खाली "लालबागची सुकन्या, चुंबकशास्त्रातील नवा शोध." वरती नेत्यांचे सहा चेहरे. गौतमने डोंगराला भगवी कडा दिली आहे आणि माथ्यावर चांदणी. बाबा खाली उतरून फ्लेक्ससमोर उभे राहिले होते. वर आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुझा नाक जरा मोठा इला हा."

सांगायला तोंड उघडलं होतं. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते, ओठांवर हसू. मी भात लावला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी पूजा. खुर्च्या, भगव्या-पांढऱ्या कापडाची कमान, लाउडस्पीकरवर आधी देशभक्तीची गाणी आणि मग आरत्या. दहावीच्या तीन मुली, बारावीचा एक मुलगा आणि मी, रांगेत. शाल, श्रीफळ, मंडळाची ट्रॉफी. गौतमने माइकवर म्हटलं की या शोधामुळे उद्या बुलेट ट्रेन हवेत चालणार आहे. मी हसून नमस्कार केला. माझ्याच्याने दुसरं काही झालं नाही.

मग बाबांना बोलावलं. ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले, माइक दोन्ही हातांनी धरला. "हो डोंगर माझ्या चेडवान शोधल्यान. पन्नास केल्विनाक. जगात अजून कोणाक..." आणि थांबले. तोंड उघडं, शब्द नाही. लोकांना वाटलं गहिवरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मलाही तसंच वाटलं. मी शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि मनात म्हटलं, सुचित्रा, तू या माणसाला फसवते आहेस.

प्रसाद सुरू झाला तेव्हा बाबा म्हणाले, वर जाऊया. मी ट्रॉफी आणि नारळ घेऊन मागे. पहिल्या मजल्यावर ते थांबले, कठड्याला हात लावून. मी वाट बघत राहिले, आता कोणाची चौकशी करतायत म्हणून. तावड्यांच्या दाराला कुलूप होतं. परबांच्याही. अख्खी चाळ खाली शिऱ्याच्या रांगेत होती. जिन्यात आम्ही दोघंच.

बाबा तरीही थांबले होते.

त्यांचे खांदे वर-खाली होत होते. मानेखालचा खळगा आत जात होता. नखांकडे बघितलं, ती जांभळी होती. मी इतकं जवळून त्यांच्याकडे कधी बघितलं होतं ते आठवेना. विचारलं, "बाबा, कधीपासून?" ते हात हलवून म्हणाले, "गणपतीपासना. जरा दम खातंय. तू फुडे जा."

मी पुढे गेले नाही. नारळ पायरीवर ठेवून तिथेच बसले.

२९ जानेवारी

परळच्या रुग्णालयात दोन दिवस. एक्स-रे, फुंकर मारायची तपासणी, स्कॅन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून लहान असतील. त्यांनी बाबांना विचारलं, "कापसाच्या धुळीत किती वर्षं?" मग मला बाहेर बोलावलं. फुप्फुसं आतून कडक झाली आहेत, ती परत मऊ होत नाहीत. घरी ऑक्सिजन लावा, जिना टाळा. मी म्हटलं, जिना टाळायचा म्हणजे घर टाळायचं. त्या म्हणाल्या, मग खाली उतरवू नका.

मी विचारलं, किती वेळ आहे. त्या म्हणाल्या, "वर्षांत मोजू नका."

सप्टेंबरात आणलं असतं तर काही झालं असतं का, तेही विचारलं. त्यांनी फाइल बंद केली. मला माझा इतका राग आला की मी संडासात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

४ फेब्रुवारी

संस्थेत गेले. सरांनी नियतकालिकाला लिहिलेल्या पत्राची प्रत आली आहे. "नमुना बसवण्याच्या पद्धतीत विद्यार्थिनीकडून झालेली चूक मार्गदर्शकाच्या उशिरा लक्षात आल्याने पेपर मागे घेत आहोत." चूक माझीच आहे, त्यात खोटं काही नाही. पत्र सभ्य आहे.

दारावरचा सुईचा कागद निघालाय. चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत. झाडूवाल्यांनी काढला असेल, रंगकाम करणार आहेत म्हणे.

रुपाली म्हणाली, "अगं, त्यांच्या सहीचा कागद होता तो. तुला कळतंय का?" मी म्हटलं, आता त्याचा काय उपयोग, नियमच चुकीचा होता. 

ऑफिसने सांगितलं, फेलोशिप वाढणार नाही. नवा गाईड मिळाला तर वर्षभरात बिनपगारी प्रबंध देता येईल. दोघांना विचारलं. एकाने हसून खांद्यावर थोपटलं, दुसऱ्याने मेलला उत्तर दिलं नाही. सात वर्षांतला माझा सगळा निष्कर्ष असा, की एर्बियम तीन-चार केल्विनला शिस्तीत उभं राहतं. ते आधीच माहीत होतं.

११ फेब्रुवारी

ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं. छोट्या फ्रिजएवढं, दिवसभर घरघरतं. हवा खोलीतलीच घेतं, नायट्रोजन बाजूला करतं आणि ऑक्सिजन नळीतून पुढे देतं. नळी पारदर्शक, बाबांच्या नाकाशी दोन टोकं. कशी लावायची ते कंपनीचा माणूस दाखवत होता, तेव्हा मी आधी नळीची भोकं उजेडात धरून बघितली. तो म्हणाला, "मॅडम, फॅक्टरीतून चेक होऊन येतं."

दुपारी बाबांना जरा बरं वाटलं. उशीला टेकून बसले, समोर कपाटावरचा आलेख. म्हणाले, "तुझ्या डोंगराचा काय झाला? छापलो?"

आता काय लपवायचं. सांगितलं. कॅप्सूल, टेप, टाचणी, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं झोपले. मग विचारलं, "मगे तो डोंगर कसलो होतो?"

"हवेचा, बाबा. आत कोंडलेल्या ऑक्सिजनचा."

ते हसायला लागले. हसण्याला दम पुरेना, मी पाठ चोळत राहिले. शेवटी नळी नाकाशी नीट धरून म्हणाले, "तुका नको होतो थंय गावलो." आणि थोड्या वेळाने, "मंडळाक सांगा नको. शाल परत मागतले."

मी आलेख काढायला उठले तर म्हणाले, ऱ्हवांदे. मी तो तसाच ठेवला.

१६ फेब्रुवारी

रुग्णालयाने बोटाला लावायचा चिमटा दिलाय. रक्तात ऑक्सिजन किती ते दाखवतो. नव्वदच्या खाली गेला तर फोन करा, असं सांगितलंय. आज सकाळी चहा देताना लावला. ब्याऐंशी.

मी चिमटा काढला. बोट थंड असलं की माप चुकतं, हे मी वाचलंय. दोन्ही हातांत त्यांचा हात धरून चोळून गरम केला. पुन्हा लावला. ब्याऐंशी. नखावर हळद होती, ती धुतली. दुसरं बोट घेतलं. खिडकीतला उजेड पडतोय म्हणून पडदा ओढला. यंत्राची नळी कुठे मुडपली आहे का, ते भिंतीपासून नाकापर्यंत हाताने चाचपत आले. सेल जुने असतील म्हणून खाली जाऊन नवे आणले. बाबा तोपर्यंत डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून बसले होते.

नवे सेल घालून आधी माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. कालिंदीकाकीला दारातून हाक मारली. ती पिठाचे हात पुसत आली, काही न विचारता बोट पुढे केलं. सत्त्याण्णव. रिकामा धरून बघितला, काहीच दाखवलं नाही. जसं हवं तसंच.

काकी म्हणाली, "गो, पुरे आता. फोन कर."

मी तिला म्हटलं, एकदा शेवटचं घेते. बाबांचं बोट चिमट्यात ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागितलं की माझ्या मोजण्यात चूक निघू दे.